घरच्यांची हजेरी

साताऱ्यात किंवा सांगलीत कपडे शिवण्याचा छोटा कारखाना बघायचा असेल तर एमआयडीसीचा रस्ता धरण्याआधी गल्ल्यांमधून हिंडावं. खाली गाळा आणि वर राहतं घर, किंवा पुढे घर आणि मागच्या परड्यात पत्र्याची शेड. आठ-दहा मशिनी, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाची मशीन, कापणीचं लांब टेबल आणि त्यावर एकावर एक अंथरलेले कापडाचे थर. मे महिन्यापासून शाळांच्या गणवेशाची घाई, श्रावण सरला की सणासुदीची, मधल्या काळात परकर, गाऊन, ॲप्रन, जे येईल ते. कापायला एक मास्टर, शिवायला आसपासच्या वस्तीतल्या बायका. कामाला किती माणसं आहेत, असं विचारलं तर बहुतेक मालकांचं उत्तर ठरलेलं असतं. आठ बाया, एक मास्टर आणि बाकी आम्ही घरचेच. मला या ‘बाकी’विषयी लिहायचं आहे. हिशेबाच्या वहीत बाकी या शब्दाचा अर्थ एकच असतो, अजून द्यायची राहिलेली रक्कम. घरच्यांच्या कामाला हाच शब्द नकळत लागला आहे आणि तो अगदी बरोबर लागला आहे. अशा कारखान्यात राबणाऱ्या घरच्या माणसांची, त्यातही घरातल्या बायकांची मजुरी वहीत लिहिली गेली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ती लिहिली जात नाही तोवर त्या कारखान्याचा दर खोटा, नफा खोटा आणि पगारावरच्या बायकांशी होणारा व्यवहारही पूर्ण खरा नाही.

दर कसा निघतो ते आधी जवळून पाहू. शाळेच्या शर्टांची ऑर्डर आहे असं धरा. मालक वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतो. एका नगाला कापड किती लागेल, त्यात चिंध्या किती जातील, कॉलरचं बकरम, दोरा, बटणं, नगावर ठरलेली शिलाई, काज-बटणाचे वेगळे पैसे, इस्त्री, प्लॅस्टिकची पिशवी, खोका, टेम्पोचं भाडं. विजेचं आणि मशीनदुरुस्तीचं काहीतरी अंदाजाने. त्यावर दोन पैसे स्वतःचे. ही यादी पैशापैशाची काळजी घेऊन केलेली असते, बटणांच्या ग्रोसचा भाव चार आण्यांनी वाढला तरी ती पुन्हा मांडली जाते. आता त्याच शर्टाचा शेवटचा प्रवास बघा. शिवून आलेल्या शर्टाला खिशाच्या कोपऱ्यांवर, बाह्यांच्या जोडावर, काजांच्या तोंडाशी, खालच्या दुमडीवर दोऱ्यांची शेपटं लोंबत असतात. ती छोट्या कात्रीने एकेक कापायची, कात्रीचं टोक कापडाला लागू द्यायचं नाही. कुठे टाका सुटलाय का ते उजेडाकडे धरून बघायचं. बटणं लावायची, कॉलर उभी करून घडी घालायची, मापाची चिठ्ठी वर दिसेल अशी पिशवीत सरकवायची. एका शर्टाला दोन मिनिटं धरली तर पाचशे शर्टांना हजार मिनिटं होतात, म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त, आठ तासांचे दोन पुरे दिवस. हे काम बहुतेक ठिकाणी रात्रीची जेवणं आटोपल्यावर, भांडी घासून झाल्यावर, वरच्या मजल्यावर टीव्हीसमोर ढीग ओतून सासू-सुना करतात. मघाच्या यादीत या दोन दिवसांची ओळ कुठेही नसते. कामावरच्या बायकांना दोन वेळचा चहा कोण करतं, इचलकरंजीहून येणारा तागा उतरवून मोजून कोण घेतं, कॉलेजातून आल्यावर जीएसटीची बिलं कोण भरतं, दुपारी मालक वसुलीला गेला की शेड कोण सांभाळतं, याही ओळी नसतात. पगारावरच्या बाईचा खाडा पडला तर वहीत फुली पडते. घरच्या बाईचा खाडा पडत नाही, कारण तिची हजेरीच लागलेली नसते.

हे केवळ मालकाच्या विसराळूपणाने घडतं असं मला वाटत नाही. राज्यकर्त्यांनी आणि कायदा लिहिणाऱ्यांनी या विसरण्याला शिक्का मारून दिलेला आहे. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या किमान वेतन कायद्याचं कलम २६ वाचा. मालकासोबत राहणाऱ्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयाला द्यायच्या वेतनाला हा कायदा लागू नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं आणि कुटुंबीय म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण असा खुलासाही दिला होता. १९४८च्याच कारखाने कायद्याचं कलम ८५ राज्य सरकारला छोट्यात छोट्या जागेलाही कारखान्याचे नियम लावण्याची मुभा देत होतं, पण मालक फक्त घरच्यांच्या मदतीने काम करत असेल तर ती मुभा काढून घेत होतं. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ६४ तर याच्या पुढे गेलं. नवऱ्याचा भरीव वाटा असलेल्या धंद्यातून बायकोला पगार दिला तर तो पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा. सूट फक्त तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि कमाई त्या ज्ञानातून आणि अनुभवातून आलेली असेल तेव्हा. करबुडवेगिरी रोखण्यासाठी हे कलम असावं हे समजतं. पण त्याचा परिणाम असा झाला की सल्लागार सांगतात, वहिनींच्या नावाने पगार टाकून उपयोग नाही, उगाच चौकशी मागे लागेल. सरकारी आकडेवारीत या माणसांना एक रकाना मात्र आहे. श्रमबळ सर्वेक्षणात ‘घरच्या उद्योगातील मदतनीस’ असा एक वर्ग असतो, त्याचा संकेतांक २१. काम करतो पण मोबदला मिळत नाही, असा हा वर्ग. देशात कामकरी म्हणून मोजल्या गेलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अलीकडच्या सर्वेक्षणांत याच रकान्यात सापडतात. ‘मदतनीस’ आणि ‘अवलंबून’ हे दोन शब्द नीट बघा. जिच्या दोन दिवसांच्या कामाशिवाय माल दाराबाहेर पडत नाही तिला मदतनीस म्हणायचं आणि जिच्यावर ऑर्डरची तारीख अवलंबून आहे ती मालकावर अवलंबून आहे असं म्हणायचं. शब्दांची ही उलटापालट कायद्यातून घरात आली की घरातून कायद्यात गेली हे सांगणं कठीण आहे. दोन्हीकडे ती सारखीच मुरलेली आहे.

हाच हिशेब आपल्याच भागातल्या माणसांनी दुसऱ्या एका धंद्यात किती जिद्दीने मांडला आहे हे आठवलं की मला आश्चर्य वाटतं. साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी १९८०च्या सुमारास चाकणच्या कांद्यापासून जी लढाई उभी केली तिचा गाभा उत्पादनखर्चावर आधारित भाव हा होता. त्या उत्पादनखर्चात शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांचे कष्ट धरायचे की नाही हा प्रश्न तेव्हापासून गावोगावच्या पारावर चर्चिला गेला. आज कृषिमूल्य आयोगाच्या परिभाषेत खर्चाचे जे प्रकार आहेत त्यातला एक खास यासाठीच आहे. रोखीने केलेला खर्च आणि त्यात मिळवलेली घरच्या श्रमांची किंमत. २०१८च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली तेव्हा सरकारने हाच आधार घेतला आणि शेतकरी संघटनांनी स्वामिनाथन आयोगाचा दाखला देत तेवढ्यावर भागत नाही, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरा, असं सुनावलं. म्हणजे घरच्या माणसाची मजुरी हा खर्चच आहे, याबद्दल शेतीत आता वाद उरला नाही. वाद त्यापुढचा आहे. द्राक्ष, हळद आणि ऊस पिकवणाऱ्या या दोन जिल्ह्यांत हे तत्त्व माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल. आणि शिलाईच्या कारखान्यांतले बरेचसे मालक शेतकरी घरातूनच आलेले आहेत, काहींची शेती अजून चालू आहे. बायको कांदा काढायला वाफ्यात उतरली तर तिची मजुरी खर्चात धरा म्हणून मोर्च्यात जायचं आणि तीच बायको शेडमध्ये काज-बटणावर बसली तर तो घरचा हातभार म्हणायचा, हे एकाच माणसाच्या मनात कसं नांदतं? जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करण्याचं आवाहन केलं. उत्पादनखर्चाचा धागा शेवटपर्यंत ओढला की तो घरातल्या बाईपर्यंत येऊन थांबतो हे त्या चळवळीला उमगलं होतं. कपड्याच्या धंद्यात हा धागा अजून कुणी ओढलेला नाही.

खरं तर कपड्याच्या धंद्यात तो आधी ओढायला हवा होता, कारण या धंद्याचा सगळा इतिहासच घरच्या हातांचा आहे. माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातली घोंगडी घ्या. लोकर कातरणं पुरुषांचं, खड्ड्यातल्या मागावर बसून विणणं पुरुषांचं, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडं ताठ करण्याची करामतही त्यांच्याच नावावर. पण त्या मागाला लागणारं सूत चरख्यावर कातत असत घरातल्या बायका आणि सूतकताईला विणण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. बाजारात घोंगडं विणकराचं म्हणून विकलं जाई. सुताचे दिवस कुणी विचारत नसे. पुढे यंत्रमाग आले. शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४मध्ये पहिला यंत्रमाग चालवला, कालांतराने हा धंदा खानापूर तालुक्यातल्या विट्यातही रुजला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांमधला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांतल्या मागांकडे आणखी जोरात वळलं. गिरणीत सातारा-सांगलीकडच्या ज्या माणसांची हजेरी लागत असे, ज्यांना पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी आणि भरपगारी रजा होती, त्या कामाची जागा घरालगतच्या शेडने घेतली. मागवाले सूतदरासाठी भांडले, वीजदराच्या सवलतीसाठी भांडले, व्यापाऱ्याचं सूत विणून देण्याच्या, म्हणजे खर्चीच्या, मजुरीसाठी, पिकामागे म्हणजे आडव्या धाग्यामागे पैशापैशासाठी भांडले आणि ते रास्तच होतं. घरातली बाई कांड्या भरते त्याचे पैसे खर्चीच्या दरात धरा, ही मागणी मात्र त्यांच्या यादीत कधी ठळकपणे आली नाही. शिलाईच्या कारखान्याने हीच सवय आयती उचलली.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरच्या माणसाच्या फुकट कामाची झळ फक्त घराला बसत नाही, ती पगारावरच्या बाईलाही बसते. नगावर शिवणाऱ्या बाईने दोरे कापण्याचे वेगळे पैसे मागितले तर मालकाला ते जड वाटतात, कारण वरच्या मजल्यावर ते काम शून्य रुपयात होतं. संध्याकाळी सहानंतर थांबायला सांगितलं आणि तिने कुरकुर केली तर कानावर एक वाक्य येतं, वहिनी रात्री अकरापर्यंत बसतात, तुम्हाला अर्धा तास थांबायला काय झालं? हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला खरंच वाटतं की घरचे आणि बाहेरचे सारखेच राबताहेत. पण वहिनींच्या अकरा वाजण्याला किंमत नाही म्हणून बाईच्या अर्ध्या तासालाही किंमत उरत नाही. फुकटचा तास शेजारी उभा असला की पैशाचा तास महाग दिसू लागतो. छोट्या कारखान्यांमध्ये ओव्हरटाइमचा दर ठरत नाही, बोनस दिवाळीला साडी आणि मिठाईच्या डब्यावर भागतो, याची कारणं शोधताना आपण बाजाराकडे, व्यापाऱ्याकडे, मोठ्या कंपन्यांकडे बोट दाखवतो. त्या बोटाच्या दिशेत तथ्य आहे. तरीही मोजमापाची पट्टी घरातच आखूड झालेली आहे. घरच्या बाईची हजेरी लागली तर तिच्या शेजारी बसणाऱ्या परक्या बाईच्या हजेरीलाही वजन येईल.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो आणि तो मनापासूनचा असतो. घरच्याला कसला पगार? कारखाना घराचा, घर सगळ्यांचं, पैसा शेवटी एकाच तिजोरीत जाणार. डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकून काय साधणार? सगळं सुरळीत चाललेलं असताना हे म्हणणं खरं असतं. प्रश्न असा की ते कधी तपासलं जातं? तपासलं जातं वाटणीच्या दिवशी. भाऊ वेगळे होताना, कर्ता अचानक गेल्यावर, नवरा-बायकोचं फाटल्यावर. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट झाली. पण कारखाना चालवला असतो सुनेने आणि सून ही त्या घरची मुलगी नव्हे. एकत्र कुटुंबाची वाटणी तिला स्वतःच्या हक्काने मागता येत नाही. मशिनी सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, उद्यमची नोंदणी त्यांची, बँकेचं खातं त्यांचं. वीस वर्षं रात्री दोरे कापल्याचा कागदोपत्री पुरावा तिच्याकडे काय असतो? एकही नाही. तिचं नाव कागदावर कधी येतच नाही असं नव्हे. स्त्री-उद्योजकांसाठी सवलतीची कर्जं आहेत, केंद्राच्या खरेदी धोरणात महिलांच्या लघुउद्योगांसाठी ३ टक्क्यांचा वाटा राखलेला आहे, तेवढ्यापुरती मालकी तिच्या नावावर चढते. तेव्हाही चेकवर सही करून पुस्तक परत कपाटात जातं. काम करते ती कागदावर नाही आणि कागदावर असते तेव्हा हिशेब तिच्या हातात नाही. पैसा एकाच तिजोरीत जातो हे मान्य, पण तिजोरीची किल्ली कुणाकडे आणि तिच्यातून किती आपलं हे सांगणारं पान कुठे, हे विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे आणि त्याच्याकडे मी जरा थांबून बघणार आहे. घरच्यांची मजुरी धरली तर दर बसणार नाही, ऑर्डर उल्हासनगरला जाईल, तिरुपूरला जाईल. शाळेची समिती असो की पेठेतला ठोक व्यापारी, तो एका नगामागे दोन रुपये कमी मिळाले तर दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. साताऱ्याच्या गल्लीतला कारखाना टिकून आहे तोच मुळी घरच्या हातांवर. मंदीत पगार थांबवता येत नाही, घरच्यांचे कष्ट मात्र ताणता येतात. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. रशियातले अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी शंभर वर्षांपूर्वी कुटुंबाच्या शेतीबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं. पगारी माणसांवर चालणारी शेती नुकसानीत गेली की बंद होते, कुटुंबाची शेती बंद होत नाही, ती जास्त राबते, कारण स्वतःच्या श्रमांची किंमत ती खर्चात धरतच नाही. टिकून राहण्याचं हे बळ आहे आणि हीच झिजण्याची वाटही आहे. पण आक्षेप घेणाऱ्याला मी एवढंच विचारेन की मजुरी लिहिल्याने खर्च नव्याने जन्माला येतो का? तो आधीच झालेला आहे. त्या सोळा तासांत तिची पाठ आधीच दुखलेली आहे, चष्म्याचा नंबर आधीच वाढलेला आहे, मुलाचा अभ्यास आधीच राहिलेला आहे. वहीत लिहिल्याने तो फक्त दिसतो. आणि दिसला की मालकाला पहिल्यांदा कळतं की गणवेशाच्या ऑर्डरमध्ये दोन पैसे खरंच सुटतात, पण परकरांच्या ऑर्डरमध्ये जो नफा वाटत होता तो नफा नव्हताच, ती बायकोची आणि आईची न दिलेली मजुरी होती. अशी ऑर्डर सोडायची की घ्यायची हा त्याचा निर्णय, अडचणीच्या महिन्यात तो ती घेईलही. पण डोळे उघडे ठेवून घेईल. दोरे कापायला एक बाई पगारावर ठेवून बायकोने माप घेऊन शिवायचं जास्त पैशाचं काम बघावं, हा विचारही त्याला तेव्हाच सुचेल. काही कारखान्यांच्या बाबतीत हा हिशेब फार कडू निघेल, हेही मी कबूल करतो. सगळं धरलं तर आपण कित्येक वर्षं धंदा करत नव्हतो, घरच्यांचे दिवस स्वस्तात विकत होतो, असं पानावर दिसेल. ते बघणं अवघड आहे. पण ते न बघितल्याने खरेदीदाराचंच फावतं, कारण त्याच्या घासाघिशीत सगळ्यात शेवटी जे कमी होतं ते याच न लिहिलेल्या ओळीतून.

तिसरा आक्षेप नात्याचा. मजुरी लिहिली की माया आटते, घरात मालक-नोकर होतात, सासूने सुनेचे तास मोजले तर घराचं घरपण जातं. आणि बऱ्याच बायका स्वतःच सांगतात की आम्हाला कुणी जबरदस्ती केलेली नाही, पोरं डोळ्यांसमोर असतात, परक्याच्या दारात जावं लागत नाही, चार बायका वहिनी म्हणून मान देतात. यातला अभिमान खरा आहे आणि तो हिरावून घ्यायचा माझा विचार नाही. पण हिशेब लिहिल्याने नाती बिघडतात असा आपला अनुभव आहे का? भावाभावांची भांडणं हिशेब लिहिल्याने होत नाहीत, ती न लिहिल्याने होतात, हे कोर्टाच्या आवारात चक्कर मारली तरी कळतं. गिरणगावात घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्यांचं रांधणं तेच होतं जे त्या घरात करत आल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळू लागलं आणि रांधणं हा त्यांचा धंदा म्हणून ओळखला गेला. त्या जेवणाची चव त्यामुळे उतरली असं कुणी म्हटलेलं नाही. शिवाय मायेने केलेलं काम आणि मोजण्याजोगं काम यांची रेघ कुठे ओढायची हे घरानेच ठरवावं. सगळं मोजा असं मी म्हणत नाही. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं दिसलं. पोरांच्या डब्यासाठी उठणं या मिनिटांत जातं, ते कारखान्याच्या वहीत आणायची गरज नाही. पण कामावरच्या नऊ माणसांचा चहा हे घरकाम नव्हे, तो कारखान्याचा खर्च आहे. कुकरची शिट्टी आणि ओव्हरलॉकचा आवाज एकाच जिन्यात मिसळत असले तरी दोन्हींचं खातं वेगळं करता येतं.

मग लिहायचं कसं? सुरुवातीला पैसे हातात द्यावे लागतील असंही नाही. एक साधी हजेरी-वही पुरते. घरातलं प्रत्येक माणूस कारखान्यासाठी किती तास बसलं हे रोज लिहायचं, आजोबांचा गल्ल्यावरचा वेळ आणि मुलाची बिलं भरणंसुद्धा. त्याच कामाला बाहेरच्या माणसाला आपण जो दर देतो तोच दर त्या तासांना लावायचा, एक पैसा जास्त नाही आणि कमी नाही. महिनाअखेरीला ती रक्कम खर्चात धरून मग नफा काढायचा. जमेल त्या महिन्यात ती तिच्या खात्यात भरायची, नाही जमलं तर तिच्या नावाने देणं म्हणून पुढे ओढायची, जशी आपण सूतवाल्याची उधारी ओढतो. व्यापारी त्याची उधारी विसरत नाही, घरच्यांनीही विसरू नये. कायद्याच्या बाजूलाही दुरुस्ती हवी. पंधरा वर्षं काजं करणाऱ्या बाईचा हात हीच तिची तांत्रिक पात्रता, हे करकायद्याने निःसंदिग्धपणे मान्य करावं, म्हणजे तिचा पगार पळवाट म्हणून बघितला जाणार नाही. यंत्रमाग संघांनी आणि छोट्या शिलाई-कारखानदारांनी ठोक खरेदीदाराशी दर ठरवताना घरच्या श्रमांची ओळ उघडपणे टेबलावर ठेवावी, जशी शेतकरी संघटनांनी ठेवली. एकट्या कारखान्याला ते जमणार नाही, चाळीस जणांनी मिळून ठेवली तर खरेदीदाराला ती वाचावी लागेल.

वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात प्रथम करून पाहिली. पुढे २६ जानेवारी १९७९पासून तिचा कायदा राज्यभर लागू झाला. या योजनेबद्दल पुष्कळ टीका झाली, तीत तथ्यही होतं. पण खडी फोडायला आलेल्या बाईचं नाव तिथे सरकारी हजेरीपटावर लागलं, नवऱ्याच्या नावामागे ‘आणि कुटुंब’ म्हणून नव्हे, तिचं स्वतःचं. दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला तिला जे मिळालं ते तिच्याच लेकी-सुनांना घरच्या शेडमध्ये पंख्याखाली बसून अजून मिळालेलं नाही.

सातारा-सांगलीतल्या ज्या घरांमध्ये मशिनी चालतात त्यांना म्हणून एक विनंती आहे. येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होईल, त्यावर हळदकुंकू वाहिलं जाईल आणि पाडव्याला ओवाळून झालं की तबकात ओवाळणी पडेल. ती जरूर घालावी. पण तिच्याबरोबर नव्या वहीत एक खातं उघडावं, घरातल्या बाईच्या नावाने, तिच्या माहेरच्या किंवा सासरच्या, ती सांगेल त्या नावाने आणि त्या आठवड्यात तिने कारखान्यासाठी दिलेले तास तिच्याच हाताने त्यात लिहू द्यावेत.